ली-एनफिल्ड रायफलीचे मूल्यांकन

लष्करी सेवेतून काढून टाकलेल्या ली-एनफिल्ड रायफलीची यांत्रिक स्थिती, अस्सलपणा आणि वाजवी किंमत ठरवण्याच्या प्रक्रियेस ली-एनफिल्ड रायफलीचे मूल्यांकन म्हणतात. सैन्याला नको झालेली व कायदेशीर मार्गाने नागरी बाजारात आलेली शस्त्रे 'लष्करी अधिशेष' या नावाने ओळखली जातात. अशा रायफलीबाबत दोन प्रश्न उपस्थित होतात : ती झाडण्यास सुरक्षित आहे काय, आणि संग्राह्य वस्तू म्हणून तिचे मोल किती? या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.

पार्श्वभूमी

जेम्स पॅरिस ली यांनी रचलेला बोल्ट व मॅगझीन आणि एनफिल्ड पद्धतीच्या खाचांची नळी यांच्या संयोगातून ही रायफल तयार झाली. ब्रिटिश सैन्याने ती १८९५ मध्ये स्वीकारली. १९०४ पासून तिची आखूड आवृत्ती व १९०७ पासून मार्क ३ ही आवृत्ती प्रचारात आली. दुसऱ्या महायुद्धात क्रमांक ४ ही सुधारित आवृत्ती वापरली गेली. इंग्लंडमधील कारखान्यांखेरीज ऑस्ट्रेलियातील लिथगो, कॅनडातील लाँग ब्रँच, अमेरिकेतील सॅव्हेज आणि बंगालमधील ईशापूर येथेही तिचे उत्पादन झाले.

महायुद्धानंतर अधिशेष रायफली मोठ्या संख्येने अमेरिकेत गेल्या व टपालानेही विकल्या जाऊ लागल्या. त्या काळच्या स्वस्ताईचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इटालियन बनावटीची कार्कानो रायफल. जॉन केनेडी यांच्या हत्येत वापरलेली ही रायफल १९६३ मध्ये दुर्बिणीसह १९.९५ डॉलर अधिक टपालखर्च इतक्या किमतीस टपालाने मागवली गेली होती. १९६८ च्या अमेरिकी कायद्याने टपालविक्रीवर व अधिशेष शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आणले. १९८० च्या दशकाच्या मध्यात संग्राह्य शस्त्रांची आयात पुन्हा शक्य झाली. कालांतराने जुने साठे आटले आणि एके काळी स्वस्त समजली जाणारी रायफल संग्राहकांची वस्तू बनली.

यांत्रिक तपासणी

तपासणीची पहिली पायरी म्हणजे मॅगझीन व नळीचा मागील कक्ष रिकामा असल्याची खात्री करणे. त्यानंतर बोल्ट काढून नळी उजेडासमोर धरून आतून पाहिली जाते. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. त्याच्या ज्वलनातून उरणारे क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात व नळी गंजवतात. म्हणूनच सैन्यात गोळीबारानंतर नळी उकळत्या पाण्याने धुण्याची पद्धत होती. केवळ काळवंडलेली नळी स्वच्छतेनंतर सुधारू शकते. खाचांच्या कडा बोथट झालेल्या किंवा खोल खड्डे पडलेले असल्यास मात्र दोष कायमचा असतो.

खाचांची संख्या पाहून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. मूळ नळीत पाच खाचा असतात, परंतु युद्धकाळात सॅव्हेज व लाँग ब्रँच येथे दोन खाचांच्या नळ्याही बनवल्या गेल्या. त्या झिजलेल्या किंवा बनावट नसतात. नळीचे तोंड वेगळे तपासावे लागते. दोरीला चिंधी बांधून नळी साफ करताना दोरी एकाच बाजूस घासत राहिल्यास तोंडाशी झीज होते व नेम बिघडतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे माप हेडस्पेसचे होय. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. बोल्टचे डोके व नळीचा मागील भाग यांच्यात या कडेसाठी किती जागा उरते, हे प्रमाणित मापकांनी पाहतात. ०.०६४ इंचाच्या मापकावर बोल्ट बंद व्हावा आणि ०.०७४ इंचाच्या मापकावर तो बंद होऊ नये, असा लष्करी दंडक होता. जागा जास्त असल्यास काडतुसाचे आवरण बुडाजवळ फाटण्याचा धोका असतो. क्रमांक ४ च्या रायफलीत ० ते ३ अशा क्रमांकांची बोल्टची डोकी बदलून हे अंतर कमी करता येते. प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीशी जुळवून बसवलेला असल्याने, क्रमांक न जुळणारा बोल्ट आढळल्यास हे मापन अनिवार्य ठरते. ते व रायफल झाडण्याविषयीचा अंतिम निर्णय पात्र शस्त्रकारीगराकडे सोपवला जातो.

लाकडाखाली झाकलेला गंज व तेलाने मऊ पडलेले लाकूड वरून दिसत नाही. मात्र मार्क ३ चा मागील दस्ता पुढील लाकूड उतरवण्याआधी फिरवून काढल्यास पुढील लाकूड फाटते. त्या ठिकाणची ताजी चीर मागील हाताळणीतील निष्काळजीपणा दर्शवते.

खुणा व अस्सलपणा

मुख्य सांगाडा, बोल्ट, पुढील लाकूड आणि मार्क ३ वरील टोकाचे टोपण व मागील दर्शक यांवरील क्रमांक एकच असल्यास संग्राह्य मूल्य वाढते. लष्करी दुरुस्तीत जुना क्रमांक खोडून नवा ठोकण्याची प्रथा होती. अशी दुरुस्ती आणि विक्रेत्याने अलीकडे केलेला बनाव यांत फरक करावा लागतो. 'एफटीआर' ही अक्षरे कारखान्यातील संपूर्ण दुरुस्ती दर्शवतात. 'डीपी' ही अक्षरे रायफल केवळ कवायतीसाठी ठेवल्याचे सांगतात, म्हणून अशी रायफल झाडण्यास अयोग्य मानली जाते. भारतात काही रायफलींच्या नळ्या खाचा काढून .४१० च्या एकबारी मस्केटमध्ये बदलण्यात आल्या. बाह्यरूप सारखे असले तरी त्यांत .३०३ चे काडतूस वापरता येत नाही.

खैबर खिंडीच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदमखेल येथे, हाताने बनवलेल्या नकला प्रसिद्ध आहेत. उलटी कोरलेली अक्षरे, चुकीची वर्णरचना आणि राणी व्हिक्टोरियाच्या राजचिन्हासोबत १९०१ नंतरचे वर्ष या त्यांच्या ठळक खुणा होत. राणीचे निधन १९०१ मध्ये झाल्याने ही जोडी अशक्य ठरते. अशा नकलेच्या धातूचा दर्जा अनिश्चित असतो. तिचे मोल केवळ कुतूहलाची वस्तू म्हणून असते.

नेमबाज सैनिकांसाठीची क्रमांक ४ (टी) रायफल विशेष महाग असल्याने तिचेही बनाव होतात. तिच्या दस्त्याच्या मानेवर मूळ दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असे. तो सोबतच्या दुर्बिणीशी जुळतो का, हे पाहिले जाते.

किमतीचे निर्धारण

विक्रेत्याने मागितलेली रक्कम हा किमतीचा पुरावा नव्हे. त्याच आवृत्तीच्या, त्याच कारखान्याच्या व समान स्थितीतील रायफली लिलावात प्रत्यक्ष ज्या रकमेस विकल्या गेल्या, ती रक्कम आधार मानली जाते. तिच्यातून दुरुस्तीचा व गहाळ भागांचा खर्च वजा होतो, तर जुळणारे क्रमांक, दुर्मीळ आवृत्ती किंवा विश्वसनीय कागदपत्रे यांमुळे भर पडते. कागदपत्रांचा आधार नसलेल्या युद्धकथेला स्वतंत्र मूल्य दिले जात नाही.

उदाहरणार्थ, पूर्ण दुरुस्त झालेली, स्वच्छ नळीची रायफल नेमबाजास अधिक उपयुक्त असते. परंतु पहिल्या महायुद्धातील मूळ भाग व क्रमांक टिकवून असलेली, झिजलेल्या नळीची रायफल संग्राहक अधिक किमतीस घेऊ शकतो. शिकारीसाठी लाकूड कापलेल्या रायफलीचे संग्राह्य मूल्य बहुतांशी नष्ट होते, व नळीही आखूड केलेली असल्यास ती मूळ नळीसह पूर्ववत होत नाही. जुने लाकूड घासून चकचकीत करणे हेही नुकसानच समजले जाते, कारण त्यात कारखान्यांचे ठसे पुसले जातात.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांनुसार .३०३ हा प्रतिबंधित बोअर असल्याने, इतर काही देशांप्रमाणे तिचा खुला अधिशेष बाजार येथे नाही. ईशापूर येथे नागरी परवानाधारकांसाठी याच यंत्रणेवर आधारित .३१५ ची रायफल बनवण्यात आली. ईशापूरची ७.६२ मिमी काडतुसाची २ए ही आवृत्ती परदेशी संग्राहकांत परिचित आहे. पुण्याजवळील खडकी येथे बनलेल्या .३०३ च्या काडतुसांच्या बुडावर 'के' व 'एफ' ही रोमन अक्षरे आढळतात. महाराष्ट्रात ही रायफल दीर्घकाळ पोलिसांच्या वापरात राहिली. २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळीही काही पोलिसांच्या हाती .३०३ च्याच रायफली होत्या.