कडेवरचे मूल आणि अंगणातली शाळा

बालपण ही प्रत्येक माणसाला निसर्गाने दिलेली अवस्था आहे, असे शिक्षणशास्त्राची पुस्तके गृहीत धरतात. डी.एड.ला असताना मीही उत्तरपत्रिकेत तसेच लिहिले आणि गुण मिळविले. परंतु ज्या वाड्यात मी वाढलो, तेथे बालपण वाटून घ्यावे लागे. घरातल्या एकाला ते मिळाले की दुसऱ्याचे जात असे. बालशिक्षणाच्या नव्या विचाराचा महाराष्ट्रातील इतिहास मला या अनुभवावर तपासून पाहायचा आहे. कारण हा इतिहास आजवर बहुधा शिक्षणतज्ज्ञांच्या बाजूने सांगितला गेला, मूल कडेवर घेऊन शाळेच्या दाराशी उभ्या राहिलेल्या पोरीच्या बाजूने नव्हे.

मी नातेपुत्याचा. फलटणकडून पंढरपूरकडे जाणाऱ्या पालखीच्या वाटेवरचे हे गाव. आषाढात ज्ञानोबांची पालखी येथे मुक्कामाला येते आणि सारे गाव वारकऱ्यांना पाणी पाजण्यासाठी धावते. वर्षाचे उरलेले दिवस आमच्या वाड्याला पाण्यासाठी किती धावावे लागे, हे वेगळे सांगायला नको. नीरा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात आले, पाठोपाठ ऊस आला, साखर कारखाने आले. आमच्याकडे मात्र पाण्याबरोबर जमीन आली नाही, खुरपणीची मजुरी आली. आई दिवस उगवायला खुरपे घेऊन निघे. घरात राही माझी थोरली बहीण, आक्का. वय नऊ वर्षांचे आणि कडेवर वर्षाचा भाऊ.

१९६१ साली माझे नाव शाळेत घातले. आक्काचे नाव त्याआधीच पटावर होते. काही दिवस ती धाकट्याला घेऊनच वर्गात येऊन बसली. पोर रडे, पाटीवर मुते. एके दिवशी गुरुजी म्हणाले, "पोराला घरी ठेवून येत जा, नाहीतर येऊ नकोस." आक्काने घरी येऊन विचारले, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "मग ह्याला कोण बघील गं?" त्या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाकडेच नव्हते. आक्काची शाळा तेथे संपली. माझी पुढे चालू राहिली, कारण धाकटा तिच्या कडेवर होता.

आता इतिहासाकडे वळू. महाराष्ट्रात बालपणाविषयी नवा विचार कोणी मांडला, असे विचारले की गिजुभाई, ताराबाई, माँटेसरी ही नावे सांगितली जातात. ती योग्यच आहेत. पण मी त्यांच्या आधी एका मुलीचे नाव घेईन. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'ने १८५५ साली फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या या निबंधात धर्माला विचारलेले प्रश्न आपल्या चळवळीने पुष्कळ वेळा उद्धृत केले आहेत. मला येथे दुसरी गोष्ट दाखवायची आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, त्यांना थंडीवाऱ्यात कसे दिवस काढावे लागतात, हे ती लिहिते. म्हणजे बालपणाचा विचार ती जन्माच्या क्षणापासून सुरू करते आणि त्या क्षणावरही जातीचा हात पडलेला आहे, हे एक मूलच सांगते. आपल्याकडे बालपणाचे शास्त्र मराठीत येण्यापूर्वी बालपणाची साक्ष आलेली होती. ती शास्त्रात दाखल झाली नाही, एवढेच.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी सरकारला बजावले आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, मुलांना हिशेबाबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मिळावे, असेही त्यांनी सुचविले. शाळेने मुलाच्या जगण्याकडे सरकले पाहिजे, हा विचार त्यात आहे. नव्या शिक्षणाचे पुढे जे तत्त्व म्हणून गौरविले गेले, त्याचे मूळ येथेही सापडते.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहान मारावी लागली. मूल शाळेत पोहोचले म्हणजे शाळा मुलापर्यंत पोहोचली असे होत नाही, हे त्यांना वाचून कळलेले नव्हते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी दाखवून दिले, की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्याच सभागृहात त्यांनी कामकरी स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाचा पाठपुरावा केला. ही दोन भाषणे आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. माझ्या मते ती एकत्र वाचली पाहिजेत. ब्याऐंशी मुले गळतात, त्यांत आक्का आहे. आणि आक्का गळते, कारण आईच्या मजुरीत मुलाची वेळ धरलेली नाही.

आता शिक्षणतज्ज्ञांची परंपरा पाहू. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये सान लोरेन्झो या मजूरवस्तीत उघडले. आईबाप कामावर गेले की मुले मोकाट हिंडतात आणि इमारतीची नासधूस करतात, म्हणून चाळीच्या मालकांना त्यांची व्यवस्था लावायची होती. तेथे या बाईंना दिसले, की योग्य साधने आणि मोकळीक मिळाली तर गरिबाचे मूलही एकाग्रतेने, स्वतःच्या गतीने शिकते. हा शोध मजुरांच्या वस्तीत लागला. आपल्या देशात येईपर्यंत मात्र त्याने बंगल्याचा पत्ता घेतला. लाकडी साधने महाग, प्रशिक्षण महाग, फी महाग. आजही 'माँटेसरी'ची पाटी शहराच्या कोणत्या भागात लागते, ते पाहावे.

ही दिशा उलटी फिरविण्याचे श्रेय ताराबाई मोडकांना दिले पाहिजे. १९२३ पासून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर होत्या. पुढे शहरातले काम सोडून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. मोरगावला १९१० साली जन्मलेल्या अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. बालपण हिरावले जाणे म्हणजे काय, हे त्यांनी सोसलेले होते. बोर्डीत बालवाडी निघाली. पण ज्या वस्तीला त्या काळी हरिजनवस्ती म्हणत, तेथली मुले तिच्यात येईनात. तेव्हा मुलांना बोलावणे धाडण्याऐवजी बालवाडीच उठून वस्तीत गेली आणि तिथल्या अंगणात बसली. तिचे नाव अंगणवाडी. बिया, शंख-शिंपले, पाने, माती ही साधने झाली. मुलांना न्हाऊमाखू घालणे हा अभ्यासक्रम झाला. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुले गुरांमागे जातात, तर शिक्षक मुलांमागे कुरणात गेला.

या कार्याविषयी आदर राखूनही एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वस्तीतली मुले गावातल्या बालवाडीत का येत नव्हती, या प्रश्नाला प्रेम, स्वच्छता आणि चिकाटी एवढे उत्तर पुरत नाही. डी.एड.च्या पुस्तकांत मला बालमानसशास्त्र भेटले. जात हा शब्द भेटला नाही. शाळा अंगणात गेली हे मोठेच पाऊल. ते अंगण गावाबाहेर का, हे विचारण्याचे काम मात्र आपल्याच चळवळीला करावे लागले.

ताराबाईंच्या एका कल्पनेपुढे मी आजही नतमस्तक होतो. ती म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. थोरलीने धाकट्याला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळणाघरात सोडावे आणि आपण वर्गात बसावे. आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात दिले गेले होते. नातेपुत्याच्या आमच्या वाड्यापर्यंत ते पोहोचले नव्हते.

ते माझ्यापर्यंतही वेळेवर पोहोचले नाही, याची कबुली येथे देतो. मी शिक्षक झालो. उसाच्या हंगामात बीडकडच्या तोडणीवाल्यांच्या कोप्या शाळेजवळ पडत. एकदा त्यांतली एक मुलगी तान्हे पोर घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. चौथीची परीक्षा तोंडावर होती. मी तिला म्हणालो, "बाळाला ठेवून ये." ती गेली. फळ्याकडे वळताना लक्षात आले, की हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकले; या वेळी ते माझ्या तोंडून आले होते. दुसऱ्या दिवशी कोप्यांवर जाऊन मी तिला बोलावून आणले आणि ओसरीच्या वाशाला धोतराची झोळी बांधली. त्या हंगामात त्या झोळीत आणखीही पोरे झोपली. हे काही शैक्षणिक प्रयोग म्हणून सांगत नाही. विकासवाडीविषयी मी याआधी वाचलेले होते, परीक्षेत टीपही लिहिली होती. वाचलेले वागण्यात उतरायला त्या मुलीला दारातून परत जावे लागले, हे सांगायचे आहे.

शासनाने काय केले? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला बोर्डीचेच नाव मिळाले. नाव आले, अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी आले नाही. केंद्र गावात आणि वस्ती बाहेर, ही जुनीच व्यवस्था चालू राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की सहा वर्षांखालील चाळीस मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास अंगणवाडी द्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्या.

राज्यघटनेच्या मूळ ४५व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व होते. खालची वयोमर्यादा त्यात नव्हती. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले. पण सहा ते चौदा वयासाठी. सहापर्यंतचे मूल मार्गदर्शक तत्त्वातच राहिले. २०२० चे शैक्षणिक धोरण तिसऱ्या वर्षापासून पायाभूत स्तर मानते, परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे. गिरणीतल्या बाईसाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. उसाच्या फडातल्या बाईच्या पोराला आजही बांधावरच्या झाडाचीच सावली.

शेवटी आपल्या चळवळीविषयी. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, त्याच वर्षी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मोक्याच्या जागा आपल्या माणसांच्या हाती याव्यात, म्हणून त्यांनी उच्च शिक्षणावर भर दिला आणि तो बरोबर होता. मी स्वतः त्याचे फळ आहे. त्यांच्यामागे आपण वसतिगृहे काढली, महाविद्यालये काढली. आपल्यातही काहींनी लहानांसाठी आयुष्य वेचले. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे यांनी आमच्या शेजारच्या फलटण तालुक्यात निंबुरे येथे आश्रमशाळा उभी केली. पण तीन वर्षांच्या मुलाचा प्रश्न हा चळवळीचा प्रश्न आहे, असे आपण एकंदरीत मानले नाही. तो बायकांचा प्रश्न समजून घरी ठेवला आणि घरात तो आक्काच्या कडेवर दिला.

वस्त्यावस्त्यांतून आज समाजमंदिरे आणि विहारे आहेत. १४ एप्रिलला ती रंगवली जातात. पुष्कळांना त्यानंतर कुलूप असते. कार्यकर्त्यांनी ते कुलूप रोज सकाळी उघडावे. वस्तीतल्या दोन बायांना मानधन देऊन सहा वर्षांखालची मुले तेथे सांभाळावीत, त्यांना गाणी, गोष्टी, माती, रंग द्यावेत. खर्च जयंतीच्या वर्गणीतून निघेल. शासनाकडे अंगणवाडीची मागणीही करावी आणि ती वस्तीतच मागावी.

आक्का आता पंचाहत्तरीला आली आहे. तिला सही येते. तेवढे माझ्याकडून शिकली. हा लेख मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "धाकट्याला मी टाकलं नाही, ते बी लिही." ते लिहितो आहे.