आरशासमोरचा व्यायाम: वाकड्या झालेल्या चेहऱ्याच्या उपचाराचा इतिहास

“डॉक्टर, सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूनं गळायला लागलं. आरशात बघते तर तोंड वाकडं!” अशी तक्रार घेऊन रुग्ण येतो, तोवर घरच्यांचं निदान झालेलं असतं: तोंडावरून वारं गेलं. मग कोणी फुगे फुगवायला सांगतं, कोणी च्युइंगम चघळायला, तर कोणी गालाला करंट देणारं मशीन सुचवतं. चेहऱ्याला व्यायामाचा उपयोग होतो, हे खरं. पण कसा व्यायाम, हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

आजार जुनाच आहे. आयुर्वेदात त्याचं वर्णन ‘अर्दित’ या नावानं आहे. पर्शियातील वैद्य अल-राझी यांनीही हजारेक वर्षांपूर्वी त्याबद्दल लिहून ठेवलं. १८२१ मध्ये चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं की चेहऱ्याच्या हालचाली एका स्वतंत्र नसेवर अवलंबून असतात. त्याच्याच नावावरून आपण ‘बेल्स पाल्सी’ म्हणतो. ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. तिला सूज आली की ती तिथेच दाबली जाते.

पुढे फ्रान्समध्ये द्युशेन या डॉक्टरनं चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन हसू, भीती, आश्चर्य असे भाव उमटवले आणि त्यांची छायाचित्रं १८६२ मध्ये प्रसिद्ध केली. करंट दिला की स्नायू हलतो, मग रोज दिला तर चेहरा बरा होईल, अशी आशा वाटणं साहजिक होतं. पण करंटमुळे नस लवकर बरी होते, असा ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही.

तरीही ‘मला गुण आला’ म्हणणारे भेटतातच. याचं उत्तर कोपनहेगनमध्ये मिळालं. डॉ. पीटरसन यांनी २५ वर्षं बेल्स पाल्सीच्या १,७०१ रुग्णांची नोंद ठेवली. या रुग्णांना औषध दिलेलं नव्हतं, तरी ७१ टक्के पूर्ण बरे झाले. म्हणजे फुगा, मशीन किंवा झाडपाला, काहीही केलं तरी बहुतेकदा यश त्याच्याच नावावर जमा होणार!

खरा प्रश्न उरलेल्यांचा आहे. इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वेगानं वाढते. वाढताना तिचे काही तंतू चुकीच्या स्नायूकडे जातात. मग हसताना डोळा मिटतो, डोळा मिटताना ओठ ओढला जातो. याला सिनकायनेसिस म्हणतात. इथे ताकदीची कमतरता नसते, वायरिंग चुकलेलं असतं. अशा वेळी जोर लावून केलेल्या व्यायामानं चुकीची हालचालच पक्की होऊ शकते.

हे ओळखून १९८२ मध्ये अमेरिकेत बॅलिएट आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत मांडली: एका वेळी एकच, छोटी, सावकाश हालचाल आणि नको असलेली हालचाल सैल सोडणं. नेदरलँड्समध्ये तर मूकाभिनय करणाऱ्या कलावंतांच्या मदतीनं ‘माइम थेरपी’ तयार झाली. २००३ मध्ये तिथे जुन्या लकव्याच्या ५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत चेहऱ्याचा ताठरपणा कमी झाला आणि ओठांची हालचाल सुधारली. असे अभ्यास अजून थोडे आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

औषधाचा प्रश्न बेलच्याच स्कॉटलंडमध्ये सुटला. २००७ च्या चाचणीत पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन दिलेल्यांपैकी ९४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न दिलेल्यांपैकी ८२ टक्के.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा:

१. तोंड वाकडं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सोबत हातापायात अशक्तपणा असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर थेट रुग्णालय गाठा. तो मेंदूचा झटका असू शकतो.

२. मिटत नसलेला डोळा जपा. दिवसा ड्रॉप्स, रात्री मलम आणि पट्टी, हे डॉक्टरांना विचारून करा.

३. सुरुवातीला चेहऱ्यावर जोर देऊ नका.

४. तीन आठवड्यांत काहीच हालचाल परतली नाही, किंवा नंतर डोळा आणि ओठ एकत्र ओढले जाऊ लागले, तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जा.

फुगे मुलांच्या वाढदिवसासाठी ठेवा. तुम्हाला हवा एक आरसा, शांत जागा आणि काही महिन्यांचा धीर.