ॲरे फंक्शनांची एकक चाचणी

ॲरे फंक्शनांची एकक चाचणी अर्थात युनिट टेस्टिंग म्हणजे ॲरेचा क्रम लावणे, त्यात मूल्य शोधणे, त्याची प्रत काढणे अशी कामे करणारी फंक्शने उर्वरित प्रणालीपासून वेगळी चालवून त्यांची उत्तरे तपासण्याची पद्धत होय. जावा या भाषेत अशी फंक्शने मुख्यत्वे ‘ॲरेज’ या क्लासमध्ये असून चाचण्यांसाठी केंट बेक व एरिक गामा यांनी निर्माण केलेली जेयुनिट ही चौकट प्रचलित आहे.

चाचणीची गरज

जावामध्ये प्रत्येक चलाचा डेटा टाइप आधीच ठरलेला असतो. पूर्णांकांच्या ॲरेत मजकूर ठेवण्याचा प्रयत्न कंपायलरच रोखतो. मिळालेला पूर्णांक हेच योग्य उत्तर आहे काय, हे मात्र टाइपवरून कळत नाही.

स्वरूप

रिकामा ॲरे, एकच घटक असलेला ॲरे, पुन्हा आलेली मूल्ये आणि दोन्ही टोकांची स्थाने यांची चाचणी सामान्यतः घेतली जाते. ‘बायनरी सर्च’ फंक्शनने १०, २०, ३० या ॲरेत २० शोधल्यास १ हे उत्तर येते, कारण स्थाने ० पासून मोजतात. २५ शोधल्यास −३ मिळते. २५ ज्या स्थानी बसले असते त्या २ चे चिन्ह बदलून त्यातून १ वजा केला जातो. त्यामुळे न सापडल्यास नेहमी −१ मिळेल, असे गृहीत धरणारी चाचणी चुकीची ठरते. समान मूल्ये अनेक असल्यास त्यांपैकी कोणते स्थान मिळेल, याची हमी नसते.

मर्यादा

२००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी स्वतः लिहिलेल्या याच फंक्शनमधील, सुमारे नऊ वर्षे दडून राहिलेला दोष जाहीर केला. मधले स्थान काढण्यासाठी दोन्ही टोकांच्या स्थानांची बेरीज करून तिला २ ने भागले जाई. ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ या ३२-बिट पूर्णांकाच्या कमाल मर्यादेपलीकडे गेल्यास ऋण होई व फंक्शन बंद पडे. त्यासाठी ॲरेत १०७ कोटींहून अधिक घटक लागत. म्हणून लहान ॲरेंवरील चाचण्यांत दोष आढळत नसे. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात सिद्धतेसह दिलेल्या प्रोग्रॅममध्येही तो होता.

मधले स्थान काढणारा भाग स्वतंत्र फंक्शन म्हणून लिहिल्यास प्रचंड ॲरे न बनवताही हा दोष तपासता येतो. १५० कोटी व २०० कोटी ही स्थाने दिल्यावर १७५ कोटी हे उत्तर अपेक्षित असते. जुन्या सूत्राने −३९,७४,८३,६४८ मिळते. दोन टोकांमधील अंतराचा निम्मा भाग खालच्या टोकात मिळवल्यास ही चूक टळते.