तंगूस कुठून आला?

माजलगाव धरणाच्या काठावर गळ टाकून बसलेल्या कुणालाही विचारा, काठीला दोर कसला बांधलाय? उत्तर येतं, तंगूस. बीडच्या बाजारात रुखवतासाठी मोत्यांची तोरणं ओवणाऱ्या बायकाही दुकानात तंगूसच मागतात. त्यांना बारीक लागतो, गळवाल्याला जाड, एवढाच फरक. एकपदरी, आरपार दिसणारा नायलॉनचा दोरा. शब्द इतका रुळलेला, की तो मूळचा कुठला हे विचारायचं कुणाला सुचत नाही. जपानी मासेमारीबद्दल वाचताना गळाच्या दोराला तिकडे ‘तेगुसु’ म्हणतात असं दिसलं, आणि तेव्हापासून या शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

तेगुसु मुळात नायलॉनचा नव्हेच. तो रेशमाच्या अळीच्या पोटातून निघालेला दोर. जपानी लोक हा शब्द ज्या चिनी अक्षरांत लिहितात, त्यांचा अर्थ रानरेशमाचा धागा असा होतो. चीनमध्ये कापराच्या झाडावर वाढणारी एक रानटी रेशीमअळी आहे, तिच्यापासून तो काढत. अळी कोष विणायच्या बेताला आली की तिला शिरक्यात भिजत घालायची. मग पोट फोडून आतल्या दोन रेशीमग्रंथी बाहेर काढायच्या. कोष करताना अळी ज्या द्रवाचा बारीक तंतू सोडते, तो सगळा द्रव या ग्रंथींत साठलेला असतो आणि आम्लामुळे तो घट्ट झालेला असतो. ग्रंथीची दोन्ही टोकं चिमटीत धरून एका दमात ताणायची आणि तशीच ताणून वाळवायची. चिवट, पाण्यात न दिसणारा दोर तयार. एका अळीचे दोन. स्पेनमधल्या मुर्सिया भागात हाच धंदा तुतीच्या अळीवर चाले, आणि युरोप-अमेरिकेतल्या हौशी गळवाल्यांची मोठी भिस्त नायलॉन येईपर्यंत या स्पॅनिश दोरावर होती.

बीड जिल्ह्यातल्या माणसाने हे वाचलं की त्याला राहवत नाही. आपल्याकडे शेतकरी तुती लावतात, पिकलेल्या अळ्या कोष विणायला चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या चौकटीवर, सोडतात, कोष विकून घर चालवतात. त्याच गावांमधून सुट्टीच्या दिवशी धरणावर जाणारा पोरगा हातातल्या प्लॅस्टिकच्या दोराला रेशीमअळीच्या नावाने हाक मारतो! दोन्ही गोष्टी इथे वेगवेगळ्या वाटांनी आल्या हे उघड आहे. रेशीमशेती सरकारी योजनांतून वाढली, शब्द समुद्रावरून आला. पण भेटल्या त्या बीडमध्येच.

जपानात हा दोर गळाला कसा लागला याची हकीकत सांगतात ती अशी. चीनहून ओसाकाला येणाऱ्या औषधांची गाठोडी या धाग्याने बांधलेली असत. आवा प्रांतातल्या कोळ्यांनी तो पाहिला, पाण्यात तो दिसेनासा होतो हे ताडलं आणि गळाला बांधला. दोरापायी गठ्ठा सोडून देणारी ही नजर ज्याची असेल, त्याला मी मोठा संशोधक मानतो.

गळाच्या दोराचे बाकीचे टप्पे परिचयाचे आहेत. इंग्रज आयझॅक वॉल्टनच्या १६५३ च्या पुस्तकात घोड्याच्या शेपटीचे केस पिळून केलेला दोर आहे. त्याच्या पाच शतकं आधी कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण घातलं; त्यात राजाने गळाने मासे कसे धरावेत, कुठल्या माशाला काय चारावं, हे तपशिलाने आहे. आजचा बीडचा मुलूख तेव्हा चालुक्यांच्याच राज्यात होता. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत तयार झालं, १९३८ मध्ये जाहीर झालं, आणि काही वर्षांतच अळीचा दोर बाजारातून उठला. नाव मात्र उठलं नाही.

आता खरा वाद. ‘तेगुसु’चा ‘तंगूस’ झाला असेल, तर मधला अनुस्वार कुठून आला?

काठावर ऐकू येणारं स्पष्टीकरण सोपं आहे : दोर तंग राहतो म्हणून तंगूस. हे मला अजिबात पटत नाही. फारसीतून आलेला ‘तंग’ मराठीत आहे खरा, पण मग शेवटचा ‘ऊस’ कशाचा? असा प्रत्यय मराठीत वस्तूंना लागत नाही. शिवाय नायलॉनचा दोर तंग राहत नाही, तो ताणतो. ज्याने मोठा मासा ओढलाय त्याला हे ठाऊक असतं.

दुसरा दावेदार तगडा आहे. मलय भाषेत गळाच्या दोराला ‘तांग्सी’ म्हणतात, आणि तो शब्दही चिनी व्यापाऱ्यांनीच नेलेला मानतात. इथे अनुनासिक आयतं मिळतं. मलाक्का, सिंगापूरहून आपल्या किनाऱ्यावर माल येतच होता. पण ‘तांग्सी’त ‘ऊ’ नाही, आणि दीर्घ ‘ऊ’ तर आपल्या शब्दाचा कणा आहे. ‘तांग्सी’चं मराठीत ‘तंगशी’ झालं असतं, ‘तंगूस’ का व्हावं?

माझा तोडगा तमिळमधून जातो. तमिळमध्ये याच दोराला ‘तंगूसी’ म्हणतात. श्रीलंकेत सिंहली लोक ‘तंगुस’ म्हणतात. मल्याळममध्येही याचाच भाऊबंद आहे. तमिळमध्ये ‘तंगम्’ म्हणजे सोनं आणि ‘ऊसी’ म्हणजे सुई. परका, निरर्थक ‘तेगुसु’ कानावर पडल्यावर तमिळ कोळ्याने त्यात ओळखीचे दोन शब्द ऐकले : सोन्याची सुई. उन्हात धरलं तर अळीचा दोर पिवळसर चमकतो, ताठ असतो, नाव शोभूनही दिसलं. लोक परका शब्द असाच घरचा करतात. आपण ‘हॉस्पिटल’चं ‘इस्पितळ’ करताना तळ शोधलाच की. अनुस्वार तिथे जन्मला, आणि तयार झालेलं रूप तमिळ-सिंहली किनाऱ्यावरून वर सरकत मलबार, कोकण, मुंबईपर्यंत आलं.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. मूळ चिनी शब्दाच्या पहिल्या अक्षराचा उच्चारच सानुनासिक आहे, चिनीत ‘थ्येन’, जपानीत ‘तेन’. मग अनुस्वार मुळातलाच असेल, तमिळ वळसा कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण अनुस्वार मुळातला धरला, तरी ‘ते’चा ‘त’ का झाला हे उरतंच. सोन्याची सुई दोन्ही प्रश्न एका फटक्यात सोडवते. म्हणून मी तिच्याच बाजूने आहे.

मुंबईहून शब्द घाट कधी चढला? माझ्या मते तो धरणांबरोबर चढला. १९७६ मध्ये पैठणचं जायकवाडी धरण पुरं झालं, पुढे सिंदफणेवर माजलगाव आणि मांजरेवर धनेगाव इथे धरणं झाली. जिथे नदीचे डोह होते तिथे अफाट पाणी पसरलं. त्यात कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं, मच्छीमार संस्था आल्या, सुती जाळी जाऊन नायलॉनची आली. जाळ्यांचा माल किनाऱ्यावरून यायचा, मालाबरोबर नाव आलं. कोकणात गळाला ‘गरी’ म्हणतात, तो शब्द आपल्याकडे रुजला नाही, कारण गळ इथे आधीपासून होता. नायलॉनचा दोर नवा होता, म्हणून त्याचंच नाव उतरलं.

जपानशी नातं अजून तुटलेलं नाही. १९२५ मध्ये आकाबोशी तेत्सुमा यांनी अमेरिकेतून मोठ्या तोंडाचा बास मासा आणून आशी सरोवरात सोडला. तो तिकडे एवढा माजला की आज तिथला कायदा त्याला उपद्रवी परका मासा मानतो. पण त्याच्या पायी जपानात बासच्या गळसामानाचा मोठा उद्योग उभा राहिला. पाण्यात जवळजवळ न दिसणारा फ्लुरोकार्बनचा दोरही जपानच्याच कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये काढला. बास आपल्याकडे नाही. मरळ आहे, आणि ती नेमकी बाससारखीच दबा धरते : जलपर्णीच्या कडेला, बेशरमीच्या बुडख्यात, उथळ गढूळ पाण्यात. म्हणून बाससाठी घडवलेला पोकळ रबरी बेडूक आज मरळीला चालतो. आपले लोक जिवंत बेडकी गळाला लावायचेच, बासवाल्यांनी तिचं रबर केलं.

मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं. शांत पाण्यावर ‘पुळुक’ असा आवाज होऊन वलय उठलं की तिथे नव्हे, त्याच्या चार हात पुढे बेडूक टाकावा आणि वनस्पतीवरून खेचत त्या जागेवर आणावा. झडप बसली की लगेच झटका द्यायचा नाही. तिला बेडूक तोंडात घेऊन वळू द्यावं, दोर सरकू लागला की मग काठी उचलावी. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर गळ गुंडाळावा; आई-बाप खाली राखणीला असतात, ते उचलले तर पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. आणि धरणाचा ठेका संस्थेकडे असतो, तेव्हा बसण्याआधी विचारावं.

दाट वनस्पतीत तंगूस कमी पडतो. तो ताणतो, आणि तेवढ्या ढिलाईत मरळ मुळांत घुसते. तिथे विणलेला दोर बरा, ज्याला पोरं ‘ब्रेड’ म्हणतात. मोकळ्या, निवळ पाण्यात मात्र ब्रेड माशाला दिसतो. तिथे टोकाला दोन हात तंगूस जोडावा, मरळीला साधारण ०.४० मिलिमीटर जाडीचा, चिलापीला त्याच्या निम्मा. उन्हात पडून दुधाळ झालेला तंगूस फेकून द्यावा, पण काठावर नको. अळीचा दोर कुजायचा, हा कुजत नाही आणि पाणपक्ष्यांच्या पायात अडकतो. वापरण्याआधी दोन बोटांच्या नखांतून ओढून पाहावा; कुठे खरखर लागली तर तेवढा कापून टाकावा.

गाठ आवळण्याआधी तंगूस तोंडात धरून ओला करायची रीत काठावर सगळे पाळतात. कारण विचारलं तर घर्षणाने नायलॉन तापतं आणि कमजोर होतं, असं जाणकार सांगतात, आणि ते खरंच आहे. पण अळीचा दोर वाळला की ठिसूळ होतो, भिजवल्याशिवाय त्याला गाठच मारता येत नसे. नाव जिथून आलं तिथूनच ही सवयही आली असणार, असं माझं ठाम मत आहे. गाठ ओली करावी, सावकाश ओढून बसवावी, आणि उरलेलं टोक मुळाशी न कापता दोन-तीन मिलिमीटर ठेवावं. अगदी जवळून कापलेली गाठ मरळीच्या पहिल्याच हिसक्याला सुटते.