सर्पगंधेची मुळी आणि खचलेले मन

नैराश्यावर झाडपाला शोधणाऱ्याला कुणी सर्पगंधा सुचवू नये. तरीही मेंदूतली रसायने कमी पडली की मन खचते, ही आज घरोघर ऐकू येणारी कल्पना ज्या वाटेने आली, तिच्या सुरुवातीला याच झुडपाची मुळी आहे.

बिहारात ती ‘पागल की दवा’ म्हणून ओळखली जाई. १९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर गुणकारी असल्याचे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकींनी मुळीतली अल्कलॉइडे वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या स्मरणार्थ अजमलीन नाव दिले. पण जगाचे कान टवकारले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांमुळे. रक्तदाबाच्या ५० रोग्यांना सर्पगंधा देऊन आलेले अनुभव त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रिसर्पिन वेगळे केले, आणि पाहता पाहता अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांतही त्याच्या गोळ्या पोहोचल्या.

इथे गोष्टीने वळण घेतले. रक्तदाबासाठी रिसर्पिनचे मोठे डोस बरेच दिवस घेणारे काही रोगी खिन्न होऊ लागल्याचे एडवर्ड फ्राइस यांनी १९५४ मध्ये नोंदवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे बर्नार्ड ब्रॉडी आणि सहकाऱ्यांना दिसले, की रिसर्पिनने प्राण्यांच्या मेंदूतला सेरोटोनिन या रसायनाचा साठा रिता होतो. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना, ज्यापासून मेंदूत डोपामाइन हे रसायन बनते ते एल-डोपा टोचले, आणि ते उठून हालचाल करू लागले. रिसर्पिन दिलेल्या उंदराच्या मिटलेल्या पापण्या ज्या औषधाने उघडतील ते नैराश्यावर चालेल, अशी प्रयोगशाळांत परीक्षाच ठरून गेली. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्रॉट यांनी या साऱ्या धाग्यांतून नैराश्याचा सिद्धांत मांडला, त्यातही रिसर्पिनची साक्ष मोठी होती.

मला या कुळकथेत सगळ्यात अस्वस्थ करते ती एक बाजूला पडलेली नोंद. १९५५ मध्येच लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेफर्ड यांनी चिंता व नैराश्याने ग्रासलेल्या ५४ रोग्यांपैकी काहींना रिसर्पिन आणि काहींना नुसतीच दिखाऊ गोळी दिली. रिसर्पिन घेणाऱ्यांना अधिक बरे वाटले! मानसोपचारातल्या सुरुवातीच्या काटेकोर चाचण्यांपैकी ही एक. तरी तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही; रिसर्पिनने माणूस खचतो हीच गोष्ट रूढ होत गेली. पुढे जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा तसे खचलेल्यांपैकी अनेकांना खरे नैराश्य नव्हते, ग्लानी आणि सुस्ती होती, असे काही अभ्यासकांचे मत पडले. सेरोटोनिनच्या कमतरतेने नैराश्य येते याला सातत्याने पुरावा मिळत नाही, असे २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यातही म्हटले आहे. त्यावर वाद आहेत, आणि गोळ्यांनी बरे वाटलेल्यांचा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही. डॉक्टरांना न विचारता चालू गोळी सोडणे तर धोक्याचेच.

झुडूप मात्र या धावपळीत मुळासकट उपटले गेले. रानातली सर्पगंधा विरळ झाली आणि आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आहेत.