पालि अभ्यासवर्गातील 'वण्ण' : वंशवादाचा इतिहास शिकविताना

पालि भाषेतील 'वण्ण' हा शब्द विद्यार्थ्यांना समजावून सांगणे वरवर पाहता सोपे आहे. रंग, रूप, कांती, स्तुती आणि चातुर्वर्ण्यातील वर्ण, असे त्याचे अर्थ कोशात दिलेले आहेत. खरी अडचण हे अर्थ सांगून झाल्यावर सुरू होते. वर्ण म्हणजे रंग, म्हणून वर्णव्यवस्था म्हणजे गोऱ्या आर्यवंशाने काळ्या अनार्यवंशावर लादलेली व्यवस्था, हे समीकरण पुष्कळ विद्यार्थी आधीच मनात घेऊन आलेले असतात. हे समीकरण सुत्तांतून आलेले नाही. ते एकोणिसाव्या शतकात घडले. ते कसे घडले हे सांगितल्यावाचून वंशवाद हा विषय शिकविता येत नाही, असे आमचे मत आहे.

1786 साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे नाते विद्वानांपुढे मांडले. हे नाते भाषांचे होते. पुढील शंभर वर्षांत मात्र भाषाकुलाचे रूपांतर रक्ताच्या कुलात झाले आणि 'आर्य' हे मानववंशाचे नाव बनले. मॅक्स म्युलर यांनी 1888 मध्ये या गल्लतीचा स्पष्ट निषेध केला. भाषेवरून रक्त, केस वा कवटी ठरविता येत नाही, असे त्यांनी बजाविले. परंतु तोवर ही कल्पना त्यांच्या हाताबाहेर गेली होती. त्याच सुमारास हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने बंगालमधील जातीजमातींची शारीरिक मापे घेतली. नाक जितके रुंद तितके सामाजिक स्थान खालचे, असा नियम आपणांस सापडल्याचा त्याचा दावा होता. हाच रिस्ले 1901 च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्या गणनेत जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा खटाटोप झाला. वंशवाद केवळ द्वेषातून जन्मत नाही. तो मोजपट्टी, तक्ता आणि शासकीय अहवाल यांच्या रूपानेही येतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना या उदाहरणावरून चांगली उमगते.

यापुढचा टप्पा महाराष्ट्रातील वर्गात अधिक नाजूक आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. आर्यांच्या स्वारीचा तत्कालीन सिद्धान्त त्यांनी स्वीकारला, पण त्याचा अर्थ उलटा लावला. ज्याचा इतरांना अभिमान वाटत होता, ते त्यांच्या दृष्टीने आक्रमण व दास्य होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र हा सिद्धान्तच नाकारला. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म वंशात न शोधता जातीअंतर्गत विवाहात शोधले. 1946 च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात वैदिक पुरावे तपासून आर्य नावाच्या वंशाला आधार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणि 1948 च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नासिकामापनाच्याच आकडेवारीवरून ब्राह्मण व अस्पृश्य हे निराळ्या वंशाचे ठरत नाहीत, असे दाखविले. रिस्लेचे शस्त्र त्यांनी रिस्लेवरच उलटविले.

दोघांपैकी खरे कोणाचे, असे विद्यार्थी विचारतात. दोन्ही नावे आदराची असल्यामुळे शिक्षकाला मतभेद झाकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जोतीरावांपुढे सत्ता आणि दास्य यांचा प्रश्न होता व त्यासाठी त्यांनी उपलब्ध इतिहासाची भाषा वापरली. बाबासाहेबांनी त्या भाषेचाच पुरावा तपासला. आजचे जनुकशास्त्र या चर्चेत भर घालते. इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकात गवताळ प्रदेशातील पशुपालकांचे स्थलांतर भारतीय उपखंडात झाले, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. त्याचबरोबर सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात येथील समूहांचे मोठ्या प्रमाणावर मिश्रण झाले आणि नंतर विवाहाची दारे बंद होत गेली, असे 2013 च्या संशोधनातून दिसते. स्थलांतर खरे, पण शुद्ध वंश कोणाचाच नाही. हे उत्तर शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्याला जसे रुचत नाही, तसेच आपण आणि परके अशी सरळ रेघ मागणाऱ्यालाही रुचत नाही.

आता सुत्तांकडे वळू. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्त व मधुरसुत्त यांत ब्राह्मणच शुक्ल वर्ण, इतर कृष्ण, हा ब्राह्मणांचा दावा नोंदविलेला आहे. म्हणजे रंगाची भाषा त्या काळीही श्रेष्ठत्वासाठी वापरली जात होती. तथागतांचे उत्तर वासेट्ठसुत्तात सर्वांत विस्ताराने येते. तृण, वृक्ष, कीटक, पशुपक्षी यांत जातिदर्शक चिन्हे निरनिराळी आहेत. माणसांत तशी नाहीत. माणसाचा एकेक अवयव घेऊन हे सांगितले आहे आणि त्या यादीत नाक आहे, वर्णही आहे. रिस्लेचा तक्ता आणि ही यादी विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवावी; अधिक भाष्याची गरज उरत नाही.

परंतु प्रामाणिक शिक्षकाला येथे थांबता येत नाही. महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत सुवर्णवर्ण का? चूळकम्मविभंगसुत्तात क्रोधाचे फळ म्हणून कुरूपता, 'दुब्बण्ण' असणे, का सांगितले? हे प्रश्न रास्त आहेत. ज्याला रंगावरून हिणविले गेले आहे, त्याला ते अधिक बोचतात. तेथे 'वण्ण' म्हणजे केवळ त्वचेचा रंग नव्हे, कांती होय, हे स्पष्टीकरण योग्य असले तरी पुरेसे नाही. समाजाची सौंदर्यरुची ग्रंथांत शिरते, हे मान्य करावे लागते. त्याचबरोबर दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तही वाचावे लागते. आरंभीच्या जीवांत रूपभेद उत्पन्न झाला, सुरूप जीव कुरूपांना तुच्छ लेखू लागले आणि त्या अभिमानामुळे पृथ्वीचा रस नाहीसा झाला, असे तेथे सांगितले आहे. ऱ्हासाचे कारण कुरूपता नव्हे, वर्णाचा अतिमान होय.

अध्यापनाच्या दृष्टीने अम्बट्ठसुत्त आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. अम्बट्ठ हा तरुण शाक्यांना हीन म्हणून हिणवितो. तथागत त्याला त्याचा मूळपुरुष कण्ह हा ओक्काक राजाच्या दासीचा पुत्र असल्याचे कबूल करावयास लावतात. ते ऐकताच बरोबरचे तरुण अम्बट्ठावरच तुटून पडतात. क्षणापूर्वीचा श्रेष्ठ आता दासीपुत्र ठरतो. तेव्हा तथागत त्यांना आवरतात आणि कण्ह पुढे मोठा ऋषी झाला, असे सांगून अम्बट्ठाची लाज राखतात. गर्व मोडणे निराळे आणि माणसाला मोडणे निराळे. याच सुत्तात गोत्र मानणाऱ्यांत क्षत्रिय श्रेष्ठ, असेही वचन आहे आणि विद्यार्थी त्यावर बोट ठेवतात. ते ठेवू द्यावे. सुत्ताचा शेवटचा निकष विद्या व आचरण हा आहे, हे त्यांना पुढे वाचताना आपोआप दिसते.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. जात म्हणजे वंश नव्हे, असे म्हटल्याने जातिभेद सौम्य ठरत नाही. 2001 मधील डर्बन परिषदेत जात हा वंशभेदाचा प्रश्न नाही, अशी भारत सरकारची भूमिका होती. परंतु वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या (1965) व्याख्येत वंश व रंग यांच्या जोडीला 'कुळ-जन्म' हाही आधार आहे आणि त्यात जात येते, असे त्या कराराच्या समितीने 2002 मध्ये स्पष्ट केले. रोगांची कारणे निराळी असली तरी वेदना सारखी असू शकते. कारणे अचूक ओळखणे हे अभ्यासकाचे काम आहे आणि वेदनेची दखल घेणे हे माणसाचे. अभ्यासवर्गात या दोहोंपैकी एकही सोडून चालत नाही.