दुहेरीचा खेळाडू

स्मरणिकेसाठी खेळावर लिहायचं ठरलं, तेव्हा मी दुहेरी निवडली. मूल बॅडमिंटन शिकायला लागलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "सिंगल्स खेळतो ना?" प्रकाश पदुकोण, गोपीचंद, सायना, सिंधू ही घरोघरी माहीत असलेली नावं सगळी एकेरीतली. एकेरीत जमलं नाही तर दुहेरी, असा एक समजच झालाय. म्हणून मुंबईच्या चिराग शेट्टीची कारकीर्द इथे सांगतो.

त्याआधी थोडा मागचा इतिहास. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत लेरॉय डिसा आणि आपले प्रदीप गंधे यांनी पुरुष दुहेरीत कांस्यपदक मिळवलं. या प्रकारातलं पुढचं पदक यायला तब्बल ४१ वर्षं लागली.

चिरागचा जन्म १९९७चा. म्हणजे आपल्या सोसायटीत लहानाची मोठी झालेली मुलं जवळपास त्याच्याच पिढीतली. गोरेगावात उदय पवार यांच्याकडे तो शिकला आणि पुढे हैदराबादला गोपीचंद अकादमीत गेला. तिथे मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्याची जोडी आंध्रातल्या अमलापुरमच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीशी जमवली. एक मुंबईत वाढलेला, दुसऱ्याच्या घरी तेलुगू. त्यात दोघंही उंच, दोघांनाही मागून स्मॅश मारायची आवड. दुहेरीत हे चालत नाही. हल्ला करताना एकाने मागे राहायचं आणि दुसऱ्याने जाळ्याजवळ. बचावाला मात्र दोघं शेजारी शेजारी. कोर्ट एकेरीच्या १७ फुटांऐवजी २० फूट रुंद, आणि शटल डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच परत आलेलं. "तू घे, मी घेतो" म्हणायला वेळच नसतो. अशा वेळी जाळ्याजवळची जागा बरेचदा चिरागने सांभाळली. टाळ्या मागच्या स्मॅशला पडतात, पण तो स्मॅश मारता येईल असं शटल वर उचलायला प्रतिस्पर्ध्याला भाग पाडतो तो पुढचा.

२०१८ला राष्ट्रकुल रौप्य, २०१९ला थायलंड ओपन. टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिल्याच सामन्यात त्यांनी तैवानच्या ली यांग-वांग ची-लिन यांना हरवलं; शेवटचा गेम २७-२५. गटातल्या तीनपैकी दोन लढती जिंकूनही गेमच्या फरकावर ते बाहेर पडले, आणि सुवर्ण नेलं त्याच तैवानच्या जोडीने! असं झाल्यावर जोड्या फुटतात. ही फुटली नाही.

मे २०२२मध्ये बँकॉकला थॉमस कपची अंतिम लढत होती. इंडोनेशियाविरुद्ध पहिला गेम गेला, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवले, आणि सामना १८-२१, २३-२१, २१-१९ असा काढला. भारताने प्रथमच तो चषक जिंकला. त्याच वर्षी राष्ट्रकुल सुवर्ण आणि जागतिक स्पर्धेचं कांस्य मिळालं. मलेशियाच्या आरोन चिया-सोह वूई यिक यांच्याशी आधीच्या आठही लढती हरलेली ही जोडी जून २०२३मध्ये त्यांनाच हरवून इंडोनेशिया ओपन जिंकली. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं. भारतीय बॅडमिंटनचं या स्पर्धेतलं ते पहिलंच सुवर्ण, आणि ते आलं दुहेरीतून. लगेच १० ऑक्टोबरला जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांकही मिळाला.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत त्याच मलेशियन जोडीने त्यांना हरवलं. पुढच्या वर्षी पॅरिसमध्येच, जागतिक स्पर्धेत, यांनी त्यांना हरवून पुन्हा कांस्य मिळवलं.

चिरागबद्दल लिहायला बसलो आणि प्रत्येक ओळीत "त्यांनी" लिहावं लागलं. दुहेरीच्या खेळाडूची कारकीर्द एकट्याची सांगताच येत नाही. पदक दोघांचं, पराभवही दोघांचाच. "चूक त्याची होती" म्हणायची सोय नाही.

आता कार्यकारिणीला एक विनंती. आपल्या वार्षिक स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला चषक मिळतो आणि दुहेरीवाल्यांना नुसतं प्रशस्तिपत्रक. या रौप्यमहोत्सवी वर्षापासून दुहेरीलाही चषक ठेवावा. आणि एक नको, दोन ठेवावेत. नाहीतर तो कुणाच्या शोकेसमध्ये राहणार यावरून जोडी फुटायची!